गेले सदतीस, कामी आले चार

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी चावडीच्या भिंतीत एक पांढरा संगमरवरी दगड बसवलेला आहे. १९१४ ते १९१९ या काळातल्या महायुद्धावर या गावातून सदतीस माणसे गेली आणि त्यांपैकी चौघांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यावर इंग्रजीत कोरलेला आहे. नावे नाहीत. ते महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने असे दगड आपल्याकडच्या कितीतरी गावांत बसवले. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाचे नाव त्यामुळे सगळीकडे झाले, कारण तिथले सेहेचाळीस जण त्या युद्धात कामी आले. मी पाचवीत असताना, नुकती कुठे इंग्रजी अक्षरे लागू लागली होती तेव्हा, वडिलांनी मला आमच्या गावच्या दगडापुढे उभे करून तो मजकूर वाचायला लावला आणि सदतिसांतून चार वजा केले तर किती उरतात ते विचारले. मी तेहतीस म्हणाले. "मग त्या तेहतिसांचं पुढं काय झालं, ते कुठं लिहिलंय?" असे त्यांनी विचारले. मी दगड पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. तिथे त्याबद्दल अक्षरही नव्हते.

तात्या, म्हणजे माझे वडील, गेल्या फेब्रुवारीत वारले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, जिला सगळे जंगी पलटण म्हणून ओळखतात, ते १९८३ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आले होते. अठराव्या वर्षी बेळगावला भरती, सतरा वर्षांची नोकरी आणि पस्तिसाव्या वर्षी घरी, हा त्या काळातल्या हजारो सैनिकांचा ठरलेला हिशेब होता. त्यानंतर ते चाळीस वर्षांहून अधिक काळ जगले. सैन्यातल्या आयुष्याच्या दुपटीहून मोठे असे हे दुसरे आयुष्य त्यांनी नवरा, बाप आणि गावातला एक माजी सैनिक म्हणून काढले. आज मला त्याच आयुष्याबद्दल लिहायचे आहे, कारण आपल्याकडे सैनिकांवर जेवढे बोलले जाते त्यात या दुसऱ्या आयुष्याला जागा नसते, आणि इंग्लंडमध्ये एकवीस वर्षे राहिल्यावर ती उणीव मला पूर्वीपेक्षा जास्त खुपते.

मी श्रॉपशायर परगण्यात राहते आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण म्हातारे असतात, गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालायला शिकणारे. इथे डॉक्टरांच्या दवाखान्यात नाव नोंदवताना जो अर्ज भरावा लागतो, त्यात आपण कधी सैन्यात होता का, असा प्रश्न असतो. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो अनावश्यक वाटला होता. पुढे एकदा एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांच्या कागदावर त्या प्रश्नापुढे 'हो' असे दिसले, म्हणून मी सहज विचारले, तर ते १९६७ मध्ये ब्रिटिश सैन्यातून एडनला, म्हणजे आजच्या येमेनमध्ये, होते असे कळले. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नव्हते. मी नकळत त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले, आणि त्यांची बायको म्हणाली की तुम्हाला हे कोणी शिकवले. मला ते आईने शिकवले होते. आमच्या घरात जेवताना आई कायम तात्यांच्या उजव्या हाताला बसायची. लहानपणी आम्ही बहिणी डावीकडून हाक मारायचो आणि तात्या वळून बघत नसत, तेव्हा ते रागावले आहेत असे आम्ही धरून चालायचो. त्यांचा डावा कान १९७१ पासून जवळजवळ गेलेला आहे हे मला महाविद्यालयात गेल्यावर, कानाची रचना शिकताना, आईला विचारल्यावर कळले.

तो कान जमालपूरला, आजच्या बांगलादेशात, गेला. ९ डिसेंबर १९७१ रोजी ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी तुकडीला शरण या असे पत्र पाठवले आणि तिथले अधिकारी लेफ्टनंट कर्नल सुलतान महमूद यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, ही हकीकत युद्धाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या वेळी लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली जंगी पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या मागच्या बाजूला, टांगाईलकडे जाणारा रस्ता अडवून बसली होती. १० तारखेच्या रात्री ३१ बलुच ही पाकिस्तानी बटालियन कोंडी फोडून त्याच रस्त्याने निघाली आणि मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळली. पहाटेपर्यंत लढाई चालली, सकाळी जमालपूर पडले आणि पाच दिवसांनी ढाका. पलटणीला जमालपूरचा रणसन्मान मिळाला. तात्या तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि मशीनगनला गोळ्यांचा पट्टा पुरवायचे काम त्यांच्याकडे होते. गनच्या अगदी शेजारी, डावा कान तिच्याकडे करून, ते रात्रभर पालथे पडून होते.

एवढे सगळे मला पुस्तके वाचून आणि त्यांच्या पलटणीतल्या एका सोबत्याकडून कळले. स्वतः तात्यांनी त्या लढाईबद्दल आम्हाला सांगितलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे नदी ओलांडल्यापासून तीन दिवस पायमोजे ओले होते. ही गोष्ट मात्र त्यांनी पुष्कळदा सांगितली, कारण तिचा संबंध आमच्याशी यायचा. पावसाळ्यात शाळेतून भिजून आलो की दप्तर, कपडे, केस यांच्याआधी ते आमचे पाय बघत. पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरून त्याच्या बुडाने शाळेचे मोजे इस्त्री केल्यासारखे दाबून कोरडे करायचे, मग तेच मोजे तांब्याच्या गळ्याला गुंडाळून ठेवायचे आणि सकाळी आम्हाला ते गरम गरम घालायला द्यायचे, हा आमच्या घरचा जून ते सप्टेंबरचा रोजचा क्रम होता. बोटांच्या बेचक्यांत खोबरेल तेल लावताना ते म्हणत, "पाय शाबूत तर माणूस शाबूत." मी आज रोज लोकांच्या पायांवर काम करते, आणि हे शिक्षण मला कोणत्या विद्यापीठात मिळाले असे कोणी विचारले, तर मी आधी त्या तांब्याचे नाव घेईन.

कानासाठी त्यांनी कधी काही मागितले नाही. सेवेमुळे आलेले अपंगत्व वीस टक्के किंवा अधिक ठरले तर अपंगत्व निवृत्तिवेतन मिळते, हे त्यांना माहीत होते, इतरांना ते स्वतः सांगत. पण निवृत्तीच्या वैद्यकीय तपासणीत त्यांनी ऐकू येते असे सांगितले, कारण घरी जायची घाई होती आणि चालता-बोलता माणूस अपंग म्हणवून घेतो हे त्यांच्या मनाला पटत नव्हते. माझ्या त्या एडनच्या आजोबांना मात्र कानाची भरपाई मागताना संकोच वाटला नव्हता. त्यांच्या दृष्टीने तो व्यवहार होता. सरकारने कान घेतला, सरकारने त्याचे द्यावे. या दोन म्हाताऱ्यांमधला फरक स्वभावाचा नाही, असे माझे मत आहे. आपल्याकडे सैनिकाला आपण त्यागाची मूर्ती म्हणून इतके उंच बसवतो की तिथून खाली हात पसरून स्वतःचे हक्काचे मागणे त्यालाच कमीपणाचे वाटू लागते. आणि जो मागतो त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचे नियम बदलले, तेव्हा गैरफायदा घेणाऱ्यांना आळा बसेल अशी बाजू मांडली गेली. भरतीच्या वेळी धडधाकट असलेल्या माणसाला नोकरीत असताना व्याधी जडली, तर ती सेवेमुळे जडली असेच धरून चालावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीरसिंग यांच्या प्रकरणात स्पष्ट केले होते. तरीही निवृत्त सैनिकांना त्यासाठी वर्षानुवर्षे न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला तरी पुष्कळदा सरकार त्यावर अपील करते.

गेली चार वर्षे आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर सगळ्यांत जास्त वाद कशावर झाला असेल तर तो अग्निपथ योजनेवर. जून २०२२ मध्ये योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यातल्या चौथाई मुलांना पुढे कायम करायचे आणि बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवा निधी देऊन घरी पाठवायचे, निवृत्तिवेतन नाही. आमच्याकडच्या वाड्यावस्त्यांवर पहाटे चारला डांबरी रस्त्याने धावणारी पोरे हे नेहमीचे दृश्य असल्यामुळे हा वाद आमच्यासाठी वर्तमानपत्रातला नव्हता. माझ्या चुलतभावाचा मुलगा पहिल्याच तुकडीत लागला आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेला. म्हणजे २०२७ च्या आरंभी तो एक तर कायम झालेला असेल, नाही तर बाविसाव्या वर्षी माजी सैनिकासारखा घरी परतलेला असेल.

गटावर योजनेची बाजू घेणारे मला उद्देशून लिहीत की तुमच्या इंग्लंडमध्येही सैनिक चार वर्षांत बाहेर पडू शकतो, मग आम्हीच का ओरडतो. यात तथ्य आहे. लष्कर तरुण ठेवावे हा विचार नवा नाही आणि वाईटही नाही. कारगिल युद्धानंतरच्या पुनरावलोकन समितीनेच सैनिकाची सतरा वर्षांची सेवा सात ते दहा वर्षांवर आणावी असे सुचवले होते. परंतु इथे इंग्लंडमध्ये दोन वर्षे नोकरी केलेल्या सैनिकाचेही तेवढ्या काळाचे निवृत्तिवेतन त्याच्या नावे जमा राहते आणि म्हातारपणी ते त्याला मिळते. रक्कम लहान असते. पण त्या लहान रकमेमुळे त्याचे नाव सरकारच्या वहीत मरेपर्यंत राहते, आणि माझ्या लेखी रकमेपेक्षा ते जास्त मोलाचे आहे. आमच्या पोराचे नाव चार वर्षांनी कोणत्या वहीत राहणार, हे मी गटावर विचारले, तेव्हा पोलीस दलात आणि निमलष्करी दलांत राखीव जागा आहेत असे उत्तर आले. त्या जागा आहेत, आणि त्या भरल्या जाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे. तात्या या वादात फारसे पडले नाहीत. एकदा फोनवर ते एवढेच म्हणाले, "भरती करणारं हापिस मोठं असतंय, घरी आल्यावर इचारणारं हापिस बारकं असतंय. पोरानं दोन्ही बघून जावं."

ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचेनवर कर्तव्यावर असताना मृत्युमुखी पडला. त्याच्या कुटुंबाला किती मिळणार, नियमित सैनिकाच्या कुटुंबाइतके का नाही, यावर राज्यभर आणि पुढे देशभर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. त्या मुलाच्या आईवडिलांना शेवटपर्यंत आधार मिळाला पाहिजे, याबद्दल कोणाचे दुमत असू नये. परंतु त्या सगळ्या काळात, दोन्ही बाजूंची शेकडो मते वाचताना, मला आमच्या चावडीतला दगड आठवत राहिला. गेलेल्या एकासाठी एवढे शब्द खर्च झाले आणि जिवंत परत येणाऱ्या हजारोंबद्दल जवळजवळ काहीच बोलले गेले नाही. आपले सैनिकप्रेम मृत्यूपाशी जागे होते. गावात तिरंग्यात गुंडाळलेला देह आला की रस्ते झाडले जातात, कमानी उभ्या राहतात, पुढारी येतात. त्याच गावात एखादा निवृत्त नाईक बँकेच्या दारात स्टूलवर बारा बोअरची बंदूक घेऊन बसलेला असतो आणि त्याला कोणी ओळखत नाही. तात्या अकरा वर्षे तसे बसले. आमच्या दोघी बहिणींचे शिक्षण त्या स्टुलावरून झाले.

इंग्लंडचे सगळे चांगले आणि आपले सगळे वाईट असे मला म्हणायचे नाही, आणि तसे ते नाहीही. ब्रिटिशांच्या सैन्यात लढलेल्या गुरखा सैनिकांना समान निवृत्तिवेतनासाठी आजही झगडावे लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांच्यातले काही म्हातारे पंतप्रधानांच्या घरासमोर तेरा दिवस उपोषणाला बसले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या चौकशी समितीने मान्य केले की पहिल्या महायुद्धात मेलेल्या निदान एक लाख सोळा हजार लोकांची, आणि त्यांत मुख्यतः आफ्रिकेतले व मध्यपूर्वेतले लोक होते, नावानिशी आठवण ठेवलीच गेली नाही किंवा कुठलीच ठेवली गेली नाही, आणि याच्या मुळाशी वंशभेद होता. मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, मराठ्यांच्या कितीतरी पलटणी लढल्या. कूट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलेल्या फौजेतही मराठे होते. तिथल्या बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची फक्त संख्या कोरली. आमच्या चावडीतल्या दगडावर चौघांची नावे का नाहीत, याचे उत्तर मला असे इतक्या उशिरा आणि इतक्या दूर राहून मिळाले.

तरीही इथली एक गोष्ट मला आपल्याकडे हवी आहे. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी आमच्या इंग्लंडमधल्या गावातल्या चर्चसमोर सगळे जमतात. स्मारकावर पहिल्या महायुद्धातली अकरा नावे आहेत, ती मोठ्याने वाचली जातात, अकरा वाजता दोन मिनिटे सगळे स्तब्ध उभे राहतात. पण त्याआधी गावातले जिवंत माजी सैनिक पदके लावून रस्त्याने चालत येतात. त्यांत एडनचे आजोबा असतात, फॉकलंडच्या युद्धातला एक नळजोडणी करणारा असतो, अफगाणिस्तानात सैन्यात राहून आलेली एक शिक्षिका असते. त्या दिवशी सगळ्या गावाला कळते की हे लोक आपल्यात राहतात. २०२१ च्या इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत प्रथमच, आपण पूर्वी सैन्यात होता का, असा प्रश्न विचारला गेला आणि साडेअठरा लाखांहून थोडी अधिक माणसे 'हो' म्हणाली. सैन्यात राहिल्यामुळे कोणाचे घर, उपचार किंवा मुलांचे शिक्षण यांत नुकसान होऊ नये याचा विचार स्थानिक संस्थांनी करणे आता कायद्याने बंधनकारक आहे. आमच्याच परगण्यात ऑस्वेस्ट्रीला २०२२ मध्ये माजी सैनिकांसाठी अस्थिव्यंगोपचाराचे स्वतंत्र केंद्र उघडले. यांतली कोणतीही गोष्ट त्यागाच्या भाषणातून निघालेली नाही. आधी विचारले, मग मोजले, आणि मोजल्यावर कामे सुचली. आपली पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे. तीत जातीची नोंद व्हावी की नाही यावर पुष्कळ चर्चा झाली. आपल्या घरात कोणी सैन्यात होते का, हा एक प्रश्नही त्यात असावा, असे मला वाटते.

आपल्याकडे काहीच नाही, असे म्हणणे तात्यांना आवडले नसते. समान पद समान निवृत्तिवेतन या मागणीसाठी जून २०१५ पासून दिल्लीला जंतरमंतरवर माजी सैनिक बसले, नोव्हेंबरात आदेश निघाला आणि १ जुलै २०१४ पासूनची थकबाकी हप्त्यांनी मिळाली. तात्यांच्या थकबाकीतून पाठ वर-खाली करता येणारी एक लोखंडी कॉट घरी आली. आईला २०१३ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला होता आणि तिची उजवी बाजू पूर्ण गेली होती.

त्यानंतरच्या सहा वर्षांबद्दल सविस्तर लिहायला हवे. मी इथून व्हिडिओ कॉलवर तात्यांना शिकवले की अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला आणि टाचांना जखमा होतात आणि त्या भरत नाहीत. टॉवेलची गुंडाळी कुठे ठेवायची, खांदा ओढायचा नाही, गुडघा आधी वाकवून मग वळवायचे, हे सगळे त्यांनी उशीवर करून दाखवले आणि माझ्याकडून तपासून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले: वेळ, कूस, पाणी, औषध, शेरा. पहाऱ्याच्या चौकीत असते तसे ते रजिस्टर होते. रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा. प्रत्येक नोंदीपुढे त्यांची आद्याक्षरे. शेऱ्याच्या रकान्यात बहुधा 'ठीक' असे असे. कुठे कुठे 'हसली', 'रामाचं नाव घेतलं', 'उमा आली का विचारलं' असे आहे. उमा आमची म्हैस होती आणि ती जाऊन दहा वर्षे झाली होती. पोळ्या ते लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, शिकले होते, त्यामुळे स्वयंपाकाचा प्रश्न आला नाही. आईचे केस विंचरून ते दोन पेडांची सैलसर वेणी घालत, कारण तीन पेडांची वेणी डोक्याखाली टोचते हे त्यांनी स्वतः शोधून काढले होते. माझ्या व्यवसायात मी चांगल्या रुग्णालयांतही रुग्णांना अशा जखमा झालेल्या पाहिल्या आहेत. २०१९ मध्ये आई गेली तेव्हा तिला शेवटची अंघोळ घालताना माझ्या बहिणीने तिची पाठ पाहिली. तिच्यावर एकही व्रण नव्हता.

सैनिकांच्या शिस्तीबद्दल आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर संचलन येते. मला रात्री दोनचा गजर आठवतो, जो ऐकू यावा म्हणून ते उजवा कान वर करून झोपत.

आईनंतरच्या वर्षांत त्यांनी गावातल्या आणि आसपासच्या सैनिकांच्या विधवांची कागदपत्रे हाती घेतली. नवऱ्याच्या नोकरीच्या कागदात बायकोचे माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी, आणि त्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन अडकलेले, अशी प्रकरणे आमच्या भागात घरोघर आहेत. एका म्हातारीला एका कार्यालयातून चार वेळा परत पाठवले, दर वेळी वेगळा कागद मागितला. पाचव्या वेळी तात्या बरोबर गेले, टेबलासमोर उभे राहिले आणि काम होईपर्यंत बसले नाहीत. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी ते सात-आठ जणींना जीपमध्ये घालून साताऱ्याला नेत. हे सगळे एका वेगळ्या वहीत आहे. प्रत्येक पानावर वर दिवंगत सैनिकाचे नाव, पलटण, क्रमांक, भरतीचे साल आणि पेन्शनवर आल्याचे साल. खाली बायकोचे, मुलांचे नाव. आणि काम झाले की तारीख घालून लाल पेनाने 'झाले'.

तेराव्याला मी गावी होते तेव्हा ही वही घेऊन मी सरपंचांकडे गेले. चावडीतल्या दगडाशेजारी परत आलेल्या सगळ्यांची नावे असलेला एक फलक ग्रामपंचायतीने लावावा, अशी माझी विनंती होती. त्यांनी ती ग्रामसभेत ठेवली, ती मान्य झाली आणि यादी पक्की करायचे काम माझ्याकडे आणि तात्यांच्या पलटणीतल्या त्या सोबत्याकडे आले. स्वातंत्र्यानंतरची नावे वहीतून आणि घरोघर विचारून जवळजवळ पूर्ण झाली आहेत. आजच्या घडीला ती एकशे चौदा आहेत. दुसऱ्या महायुद्धातली नावे अवघड जात आहेत. एका आजोबांना सगळे गाव 'इटलीवाले आबा' म्हणायचे आणि त्यांचे खरे नाव त्यांच्या नातवालाही सांगता येत नव्हते; शेवटी ते देवघरामागे ठेवलेल्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातल्या सैन्यमुक्तीच्या दाखल्यावर सापडले. पहिल्या महायुद्धातल्या तेहतिसांपैकी आजवर सहा नावे मिळाली आहेत. सातव्याबद्दल एवढे कळले आहे की ते बसऱ्याहून परत आले, त्यांना खजूर फार आवडायचा आणि त्यांनी वेशीजवळ लावलेले खजुराचे झाड रस्ता रुंद करताना तुटले. त्यांच्या भावकीतली एक आत्या कोरेगावला आहे. येत्या दिवाळीत मी तिच्याकडे जाणार आहे.